गोगलगाय, गोठा आणि जंताचं औषध: बेळगाव-खानापूरकडच्या जनावरवाल्यांसाठी

पाऊस ओसरला की आपल्याकडच्या गोठ्यांत एकच रड सुरू होते. म्हस खाते पण अंगाला लागत नाही, दूध उतरलंय, शेण पातळ झालंय. मग मेडिकलमधनं जंताचा बोलस, म्हणजे जनावराची मोठी गोळी, आणायचा, भाकरीत घालून चारायचा, थोडे दिवस बरं वाटतं आणि दिवाळीनंतर परत पहिले पाढे पंचावन्न. औषधात दम नाही, कंपनी बोगस, अशी सगळी कारणं काढून होतात, पण जनावर पाणी कुठं पितं आणि चरतं कुठं हे कुणी विचारत नाही. ह्यातल्या बऱ्याच रोगांचं मूळ म्हशीच्या पोटात नसतं, शिवारातल्या ओल्या जागेत, तिथल्या गोगलगायींत असतं, आणि औषध कोणतं आणि कधी पाजायचं हे त्या जागेकडं बघून ठरवायचं असतं. ते कसं करायचं तेच खाली लिहिलंय.

कोणते जंत?

जंत म्हटलं की वासराच्या शेणात दिसणारे गोल पांढरे जंत आठवतात. ते वेगळे, त्यांचा गोगलगायीशी संबंध नाही. इथं विषय आहे चपट्या कृमींचा आणि त्यात आपल्याकडं तीन बघायचे.

पहिला लिव्हर फ्लूक. भारतात गाई-म्हशीत मुख्यतः फॅसिओला जायजँटिका नावाचा सापडतो, अडीच ते साडेसात सेंटीमीटर लांब, लिव्हरमधल्या पित्ताच्या नळ्यांत मुक्काम ठोकून बसतो. जनावर हळूहळू खंगतं, डोळ्याच्या पापणीची आतली बाजू फिकी पांढरी पडते आणि खालच्या जबड्याखाली पाण्यानं भरलेली मऊ सूज येते. ही सूज दिवसभर मान खाली घालून चरलं की वाढते आणि रात्रीत उतरते, त्यामुळं सकाळी डॉक्टर येतात तेव्हा काही दिसतच नाही आणि आपण खोटं बोलतोय असं वाटायला लागतं. संध्याकाळी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दुसरा अँफिस्टोम. बकरं कापल्यावर मोठ्या पोटाच्या आतल्या बाजूला गुलाबी तांबूस जाडसर दाणे चिकटलेले असतात बघा, तेच. मोठे झाल्यावर ते फार त्रास देत नाहीत, पण त्यांची पिल्लं आधी लहान आतड्यात राहतात आणि तिथं जो काय धिंगाणा घालतात त्यानं वासरू, रेडकू, मेंढरू अक्षरशः पाण्यासारखं हागतं, वास असा की गोठ्यात उभं राहवत नाही. मरतात ती ह्या पिल्लांमुळं.

तिसरा शिस्टोसोमा, हा रक्तवाहिन्यांत राहतो. ह्याच्यातली एक जात नाकाच्या आतल्या नसांत बसते, तिथं दाणेदार गाठी येतात, शेंबडात रक्त येतं आणि जनावर उभ्या उभ्या घोरायला लागतं. गाई-बैलांना ह्याचा त्रास जास्त. म्हशीच्या अंगात असला तरी ती घोरताना कमी दिसते. पहिले दोन तोंडातनं जातात, हा मात्र पाण्यात उभ्या राहिलेल्या जनावराच्या कातडीतनं आत शिरतो, म्हणजे चारा कितीही चांगला घातला तरी डबक्यात डुंबायला सोडलं की झालं.

वेळेचा हिशेब, हा नीट समजून घ्या

फ्लूकची अंडी शेणातनं बाहेर येतात. शेण कोरड्यावर पडलं तर अंडी वाळून मरतात, विषय संपला. पाण्यात पडलं तर आपल्या उबदार हवेत साधारण २-३ आठवड्यांत त्यातनं पिल्लू निघतं, आणि त्याला २४ तासांच्या आसपास योग्य जातीची गोगलगाय मिळाली नाही तर तेही मरतं. मिळाली तर मग तिच्या अंगात एकाचे शेकडो होतात, महिना-दोन महिन्यांत शेपटीवाली पिल्लं पाण्यात सुटतात, काठच्या गवताला नाहीतर भाताच्या काडीला पाण्याच्या पातळीपाशी चिकटतात आणि भोवती कवच करून गप्प बसतात. जनावरानं ती काडी खाल्ली की पिल्लू आतड्याला भोक पाडून बाहेर पडतं, लिव्हर पोखरत पोखरत पित्तनळीपर्यंत जातं आणि खाल्ल्यापासून ३-४ महिन्यांनी अंडी घालायला सुरू करतं.

आता आपला पाऊस ह्याच्यावर ठेवून बघा. जूनमध्ये मृगाच्या पाण्यात अंडी गेली, जुलै-ऑगस्टमध्ये गोगलगायी ह्या पिल्लांनी भरल्या, सप्टेंबर-ऑक्टोबरात गवतावर कवचं बसली, आणि सुगीनंतर भात कापलेल्या ओल्या शेतात जनावरं मोकळी सोडली तेव्हा त्यांनी ती पोटभर खाल्ली. म्हणजे दिवाळीच्या वेळी जनावराच्या अंगात असतात ती बहुतेक पिल्लं, जी लिव्हर फाडतात पण अंडी घालत नाहीत. शेण तपासलं तर रिपोर्ट क्लीन. आणि मोठ्या फ्लूकवरचं औषध पाजलं तर ते ह्या पिल्लांना काहीच करत नाही. दिवाळीचा बोलस का वाया जातो त्याचं उत्तर हे आहे.

ओली जागा शोधा

मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, रोहिणीच्या आसपास, वळीव जास्त झालेला नसेल तर एक चक्कर मारा. सगळं शिवार करपलेलं असताना जिथं अजून हिरवं आणि ओलं दिसतंय तीच तुमची धोक्याची जागा. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडं ओहोळ, झरे, पाणथळ भाताची खाचरं भरपूर, मलप्रभा तिकडंच उगम पावते, तिथं अशा जागा पावलापावलावर. बेळगाव शहराला लागून शहापूर, वडगाव, अनगोळचं भातशिवार आहे, बळ्ळारी नाल्याचं पाणी तिथं दरवर्षी घुसतं आणि आठवडेच्या आठवडे हलत नाही. पूर्वेला रायबाग, अथणीकडं मात्र लोकांना वाटतं आपला कोरडा भाग, आपल्याकडं कसलं हे, आणि तिथंच फसतात, कारण तिथं ओल पावसाची नसते, कॅनॉलच्या गळतीची असते, उसाच्या पाटाची असते, जनावरांच्या टाकीच्या ओव्हरफ्लोची असते. ही ओल बारा महिने टिकते, म्हणून गोगलगायीही बारा महिने.

हिडकल धरणाच्या बॅकवॉटरचा वेगळा प्रकार. उन्हाळ्यात पाणी मागं हटतं आणि उघड्या पडलेल्या काठावर लुसलुशीत गवत येतं, दुसरीकडं काही नसतं म्हणून सगळ्या गावांची मेंढरं, बकरी, म्हशी तिथंच. खाली तेच गवत, तेच पाणी, तेच शेण. आणि कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा काठच्या लोकांनी एक लक्षात ठेवावं, २०१९ च्या ऑगस्टसारखा पूर आला की गोगलगायी आणि अंडी नवीन ठिकाणी वाहत जातात, त्यामुळं पुराच्या आधी काढलेला नकाशा पुरानंतर चालत नाही, परत फिरावं लागतं.

नकाशा म्हणजे काही मोठं नाही, वहीच्या पानावर ओढा, विहीर, टाकी, चराऊ रान काढायचं आणि ओल्या जागांना नंबर द्यायचे. दोन गोष्टी शेजारी लिहायच्या, इथं जनावरं चरतात का आणि इथं शेण पाण्यात पडतं का. दोन्हीला हो आलं की ती पहिल्या नंबरची जागा.

गोगलगायी बघणे आणि ओळखणे

महिन्यातनं एकदा, जून ते डिसेंबर तरी, त्याच त्याच जागी जायचं. पायात गमबूट, हातात रबरी हातमोजे, नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी दुहेरी बांधा, पण मोकळ्या हातानं पाण्यात हात घालू नका. मोठी चहाची गाळणी बांबूला घट्ट बांधली की झालं अवजार. काठाकाठानं, शेवाळाखालनं, जलपर्णीच्या मुळातनं दहा मिनिटं गाळणी फिरवायची आणि आलेल्या गोगलगायी मोजायच्या. दरवेळी वेळ तेवढीच ठेवा म्हणजे आकड्यांची तुलना करता येते.

कोणती कामाची ते ओळखायला शिका, नाहीतर नको त्या गोगलगायीच्या मागं लागाल. शेतात दिसणारी मोठी गोल, तोंडाला कडक झाकण असलेली, ती फ्लूकवाली नाही, तिला सोडा. फ्लूकची गोगलगाय लिम्निया, पातळ तपकिरी कवचाची, टोकदार, दोन-अडीच सेंटीमीटरच्या आत. टोक वर आणि तोंड तुमच्याकडं धरलं तर तोंड उजव्या हाताला येतं, आणि झाकण नसतं. दुसरी इंडोप्लॅनॉर्बिस, ही टोकदार नसते, चकलीसारखी एकाच पातळीत गुंडाळलेली, अंग लालसर. अँफिस्टोम आणि नाकातला शिस्टोसोमा मुख्यतः हिच्यातनं येतात. दोघींचे फोटो काढून डॉक्टरांना दाखवा, एकदा डोळ्यात बसलं की बसलं.

गोगलगायी सापडल्या म्हणजे रोग आहेच असं नाही, त्या भरलेल्या आहेत का ते बघायचं. घरच्या घरी एवढं करता येतं: काचेच्या स्वच्छ ग्लासात विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घ्या (नळाचं क्लोरीनवालं नको), एका ग्लासात पाच-सहा गोगलगायी टाका आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात तास-दोन तास ठेवा. मग ग्लासामागं काळा कागद धरून भिंगातनं बघा, वळवळणारे बारीक पांढरट ठिपके दिसले, त्यांना शेपटी दिसली, तर गोगलगायी भरलेल्या आहेत. काहीच दिसलं नाही म्हणून सुटलो असं समजू नका, सगळ्या गोगलगायी रोज पिल्लं सोडत नाहीत. ह्या पाण्याला हात लावायचा नाही, मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही, आणि बघून झालं की उकळतं पाणी ओतून मग खड्ड्यात टाकायचं.

शेण तपासणी

हे काम लोक करतच नाहीत आणि हेच सगळ्यात स्वस्त आहे. पशू दवाखान्यात शेण घेऊन जा, डॉक्टर कन्नड बोलणारे असले तरी नुसतं ‘सगणी टेस्ट’ म्हटलं की पुरे. पण एक सांगून ठेवा, सेडिमेंटेशन करा म्हणावं, म्हणजे गाळ बसवून बघायची पद्धत. नेहमीच्या मिठाच्या पाण्यावर तरंगवायच्या पद्धतीत गोल जंतांची अंडी वर येतात, फ्लूकची जड असतात, ती खालीच राहतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

नमुना घेताना सकाळचं ताजं शेण, जमिनीला न लागलेला वरचा भाग, दोन मोठे चमचे, झिपच्या पिशवीत, वर जनावराचं नाव आणि तारीख. एकाच म्हशीचं नेऊन उपयोग नाही, पाच-सहा जनावरांचं न्या, त्यात खंगलेली, नवीन विकत आणलेली आणि एखादी धडधाकट दिसणारीही असू दे. त्याच दिवशी पोचवा, नाहीच जमलं तर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात नको. (घरच्यांच्या शिव्या खाव्या लागतील, डबा वेगळा घ्या.) घोरणाऱ्या जनावराचं शेण नाही, शेंबूड न्यायचा, त्यात त्या जातीची वाकडी अंडी दिसतात.

गावात हायस्कूल असेल आणि तिथं चालू मायक्रोस्कोप असेल तर हे गावातच होऊ शकतं, दूध डेअरीच्या पोरांनी शिकून घ्यावं इतकं सोपं आहे. तीन ग्रॅम शेण म्हणजे साधारण एक लहान चमचा, ग्लासभर पाण्यात नीट कालवा, चहाच्या गाळणीतनं दुसऱ्या ग्लासात गाळा, पाच मिनिटं हलवू नका, वरचं पाणी हळूच ओतून टाका, परत पाणी घाला, परत पाच मिनिटं. वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत असं करत राहायचं. शेवटी तळाशी राहिलेल्या गाळात मिथिलीन ब्ल्यूचा एक थेंब टाका, फिशटँकच्या दुकानात मिळतं. गाळातला कचरा निळा होतो आणि फ्लूकचं अंडं सोनेरी पिवळं उठून दिसतं, लांबट गोल, एका टोकाला बारीक झाकण. तसंच पण बिनरंगी, काचेसारखं दिसलं तर ते अँफिस्टोमचं. हा फरक महत्त्वाचा आहे कारण दोघांचं औषध एकच असेल असं नाही.

आणि परत सांगतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे फक्त मोठे फ्लूक नाहीत एवढंच. जानेवारी-फेब्रुवारीत परत तपासा, खरं चित्र तेव्हा दिसतं.

कसायाकडनं मिळणारी माहिती फुकट वाया जाते आपल्याकडं. गावात बकरं-मेंढरू कापलं की लिव्हर कापून बघायला सांगा, नळ्या जाड पांढऱ्या झाल्यात का, आत चपटे किडे आहेत का. एका कळपातलं एक लिव्हर खराब निघालं की बाकीच्या कळपाबद्दल बरंच कळतं. असं लिव्हर खाल्लं म्हणून माणसाला फ्लूक होत नाही, तो गवतावरच्या कवचातनं होतो, पण तसलं लिव्हर खायचं तरी कशाला.

औषध: कोणतं आणि कधी

डोस मी लिहिणार नाही, तो डॉक्टरांकडनंच घ्या, पण औषधाच्या दुकानात उभं राहिल्यावर काय बघायचं ते कळायला पाहिजे.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सगळ्यावर चालतं असा समज आहे, गोचीड-उवा-गोल जंतांवर चालतं, फ्लूकवर अजिबात नाही. फेनबेंडाझोलचा नेहमीचा डोसही फ्लूकसाठी नाही. अल्बेंडाझोल जास्त डोसमध्ये मोठ्या फ्लूकवर काही प्रमाणात चालतं, पिल्लांवर नाही, आणि नुकत्याच गाभण जनावराला देऊ नये. ऑक्सिक्लोझानाइड मोठ्या फ्लूकवर चांगलं आणि अँफिस्टोमवरही चालतं, आपल्याकडं सगळ्यात जास्त वापरात हेच. ट्रायक्लाबेंडाझोल फ्लूकच्या पिल्लांवरही चालतं, ही त्याची खासियत, पण अँफिस्टोमवर त्याचा उपयोग नाही. क्लोझँटेल बकऱ्या-मेंढरांना अंदाजानं पाजू नका, डोस जास्त झाला तर जनावर आंधळं होतं. आणि दुभतं जनावर असेल तर लेबलवर बघा किंवा विचारा, किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही ते, काही औषधं तर दुभत्याला द्यायचीच नसतात.

वेळा अशा धरा. एक डोस पावसाच्या आधी, मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा, मोठ्या फ्लूकवरच्या औषधाचा. हा जनावर सुधारावं म्हणून नाही, पहिल्या पाण्यात अंडी पडू नयेत म्हणून आहे, त्यामुळं धडधाकट दिसणाऱ्यालाही द्यायचा. आणि एकट्यानं देऊन अर्धाच फायदा, एकाच ओढ्यावर जाणारी सगळी जनावरं त्याच आठवड्यात झाली पाहिजेत, हे डेअरीच्या मीटिंगमध्ये ठरवा. दुसरा डोस पाऊस गेल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि इथं पिल्लं मारणारं औषध पाहिजे. ते मिळत नसेल किंवा जनावर दुभतं असल्यानं देता येत नसेल तर मोठ्या फ्लूकवरचं द्या, पण मग जानेवारी-फेब्रुवारीत परत द्यायला विसरू नका, तेव्हा राहिलेली पिल्लं मोठी झालेली असतात आणि त्याच औषधाला सापडतात. रेडकांना सप्टेंबर-ऑक्टोबरात घाण वासाची पाण्यासारखी हगवण लागली तर मात्र कॅलेंडर बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर. १९६२ ला फोन केला तर फिरता दवाखाना येतो.

वजन अंदाजानं सांगू नका. आपण सगळे म्हशीचं वजन कमी सांगतो, मग डोस कमी पडतो, किडे मरत नाहीत आणि औषधाला सवकतात. टेप घ्या, पुढच्या पायांच्या मागनं छातीचा घेर इंचात मोजा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, येतं ते किलोत वजन. घेर ७० आणि लांबी ५५ असेल तर साधारण ४०८ किलो.

पाजताना जीभ ओढून धरू नका आणि मान आभाळाकडं करू नका, औषध फुप्फुसात जातं आणि जनावर जंतानं नाही, औषधानं मरतं. डोस दिल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत शेण तपासा. अंडी तशीच दिसत असतील तर डोस चुकला किंवा औषध चालेना झालं, दोन्हीपैकी काय ते डॉक्टरांबरोबर बसून ठरवा, तेच औषध परत परत मारत राहू नका.

चारा आणि पाणी

माझ्या मते निम्मी लढाई इथं आहे, पण मेहनतीचं असल्यामुळं सगळे टाळतात. ओल्या जागेतलं गवत ताजं कापून गोठ्यात आणणं म्हणजे रोग भाऱ्यानं घरी आणणं. कापायचंच असेल तर पाण्याच्या वरचा भाग कापा, बुडाजवळचा सोडा, कारण कवचं पाण्याच्या पातळीपाशी असतात. आणि कापलं की कडक उन्हात चांगलं वाळवा. भाताच्या पिंजराचंही तेच, ओलं राहिलेलं, खालनं कुजट झालेलं पिंजर घालू नका. खडखडीत वाळवून, पावसापासनं झाकून, काही आठवडे गंजीत राहिलेलं पिंजर घाला. ओलाव्यात ही कवचं महिनोन्महिने जिवंत राहतात, कोरड्या उन्हात टिकत नाहीत.

सुगी झाल्यावर ओल्या खाचरात जनावरं लगेच सोडू नका. पाणी आटून जमीन भेगाळेपर्यंत थांबलं तर बरं, मसूर-हरभरा पेरणार असाल तर तसंही जनावरं नकोच असतात तिथं.

पाण्यासाठी टाकी बांधा, टाकीभोवती दगड-काँक्रीटचा पट्टा करा आणि ओव्हरफ्लो पाइपनं लांब काढा, टाकीखाली चिखल झाला की तोच नवीन डबका. पहिल्या नंबरच्या ओल्या जागेला कुंपण घाला, काटेरी फांद्यांचं असलं तरी चालेल, फक्त ऑगस्ट ते डिसेंबर जनावर आत गेलं नाही पाहिजे. दिवसाला एकदा ओढ्यावर न्यावंच लागतंय तर पाणी पाजून लगेच बाहेर काढा, डुंबायला ठेवू नका. म्हशीला हे पटत नाही, माहीत आहे, तिला गोठ्यातच बादलीनं किंवा पाइपनं धुवा.

शेण उकिरड्यात ढीग करून ठेवा, पसरून नको. ढिगाच्या आत गरम होतं, ५० अंशाच्या वर गेलं की अंडी मरतात. बाहेरचं शेण मधनं मधनं आत ढकलत राहा. ताजं शेण किंवा गोठा धुतलेलं पाणी खाचराच्या पाटात सोडायचं नाही, हा एक नियम जरी पाळला तरी बराच फरक पडतो.

गोगलगायी मारायच्या का?

लगेच मोरचूद टाकायचा विचार येतो. टाकू नका. त्यानं गोगलगायी मरतात खऱ्या, पण मासे, खेकडे, बेडकंही जातात आणि मेंढरांना त्यातलं तांबं लवकर बाधतं. निक्लोसामाइड हे त्यासाठीचं औषध आहे पण माशांना तेही विषच, खात्याच्या देखरेखीशिवाय हात लावू नये. शिवाय ह्या गोगलगायीत नर-मादी एकाच अंगात, एखादी उरली तरी परत पिलावळ होते, आणि उन्हाळ्यात चिखलात दडून पहिल्या पावसात वर येतात.

टिकणारं काम म्हणजे पाणी वाहतं करणं. चर मारा, पाटातलं शेवाळ-जलपर्णी उपसून काठावर लांब उन्हात टाका, गळका व्हॉल्व्ह बदला, कॅनॉलच्या गळतीची लेखी तक्रार ग्रामपंचायतीतनं पाठवा. बदकं गोगलगायी खातात, भातात सोडली तर चांगली मदत होते, पण तळ्यावर पाणबदकांची गर्दी झाली की खाजेचा त्रास वाढू शकतो, कारण पक्ष्यांच्या शिस्टोसोमाची पिल्लंही ह्याच पाण्यात सुटतात.

आपल्याला काय होतं

रोप लावणीला उतरल्यावर पायाला, पिंढऱ्यांना लाल पुरळ आणि रात्री झोपू न देणारी खाज, ती बऱ्याचदा ह्याच शिस्टोसोमाच्या पिल्लांची. ती माणसाच्या कातडीत शिरतात आणि तिथंच मरतात, पुढं जात नाहीत, पण खाज देतात. गमबूट घाला, नाहीतर निदान बाहेर आल्या आल्या कोरड्या टॉवेलनं पाय खसाखसा पुसा, पाणी अंगावर वाळू देऊ नका. खाजवून फोड चिघळला तर डॉक्टर. गावात एकाच खाचरात उतरलेल्या पाच-सात बायकांना एकदम खाज आली तर ती जागा नकाशावर लाल करा, गोगलगायी मोजण्याआधी ही खबर मिळते.

माणसाच्या अंगात वाढणारा शिस्टोसोमाही असतो, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ साली डॉक्टर गाडगीळ आणि शाह ह्यांनी तो दाखवून दिला होता, लघवीतनं रक्त जायचं. घाबरायचं कारण नाही, पण लघवीत रक्त दिसलं तर लपवू नका, तपासा. पाणथळीतली भाजी कच्ची खाऊ नका, रानात ओहोळाचं पाणी ओंजळीनं पिऊ नका. आणि पावसात घराच्या भिंतीवर, बागेत फिरणारी ती मोठी आफ्रिकन गोगलगाय, तिच्यात उंदरांच्या फुप्फुसातल्या जंताची पिल्लं असू शकतात जी माणसाच्या मेंदूपर्यंत जातात, तेव्हा मुलांना हातानं खेळू देऊ नका आणि पालेभाजी पान न् पान सुटं करून धुवा.

राहिली कुत्री

ह्यात गोगलगाय नाही पण गोठा-कळप तोच, म्हणून इथंच सांगतो. मेंढरू एका बाजूला मान करून गोल गोल फिरायला लागतं, ती गिड, धनगरांना सांगायला नको. बकरं कापल्यावर लिव्हर-फुप्फुसात पाण्यानं भरलेले पांढरे फुगे निघतात, ते हायडॅटिड. दोन्ही कुत्र्याच्या पोटातल्या पट्टकृमींमुळं होतात. आपण जत्रेला बकरं कापतो, खराब आतडी-फुप्फुसं कुत्र्याला टाकतो, किडा कुत्र्यात वाढतो, विष्ठेतनं अंडी गवतावर जातात आणि मेंढरू ती खातं. हायडॅटिडची अंडी कुत्र्याच्या केसांवरनं आपल्या हाताला लागली तर माणसाच्या लिव्हरमध्येही तसाच फुगा होतो, वर्षानुवर्षं कळत नाही, सोनोग्राफीत दिसतो आणि मग ऑपरेशन.

म्हणून फुगे निघालेलं लिव्हर-फुप्फुस कुत्र्याला कधीच नाही, जाळा किंवा कुत्रं उकरणार नाही इतकं खोल पुरा, घालायचंच असेल तर अर्धा-पाऊण तास चांगलं उकळून. मेंढराचं मुंडकंही कुत्र्यापुढं टाकू नका, गिडचा फुगा मेंदूत असतो. कळपाच्या आणि घरच्या कुत्र्यांना प्राझिक्वांटेलची गोळी वजनानुसार, जमलं तर दर सहा आठवड्यांनी, निदान तीन महिन्यांतनं एकदा. ही गोळी किडे मारते, अंडी मारत नाही, म्हणून गोळी दिल्यावर दोन दिवस कुत्रं बांधून ठेवा, विष्ठा पिशवीत हात घालून उचला, जाळून टाका, हात साबणानं धुवा आणि पुढच्या गोळीची तारीख तिथंच मोबाइलमध्ये टाका.